अळंबीतला मुक्काम

प्रस्तावना

कुठल्याही प्राण्यावरचे पुस्तक उघडले की पहिल्या काही पानांतच एक नकाशा भेटतो. देशांवरून रंगाचा हात फिरवलेला असतो आणि खाली 'आढळ' एवढाच शब्द. ऑक्सिपोरस रुफस या भुंगेऱ्याचा असा नकाशा काढला तर तो चांगला ऐसपैस निघतो : पश्चिमेला ब्रिटनपासून पूर्वेला सायबेरियापर्यंत, उत्तरेला स्कँडिनेव्हियापासून खाली इटलीपर्यंत. पाहणाऱ्याला वाटावे, युरोपातल्या कुठल्याही रानात शिरले की हा समोर येईल. प्रत्यक्षात तिथल्या कीटकप्रेमींचे आठवडेच्या आठवडे त्याच्याशिवाय जातात, आणि मग एखाद्या दिवशी एकाच अळंबीतून हे लाल-काळे भुंगेरे एकामागून एक बाहेर पडतात. रान तेच, वाट तीच. मधल्या काळात पाऊस झालेला असतो आणि जमिनीतून अळंबी वर आलेली असते.

हा भुंगेरा रानात राहतो असे म्हणणे म्हणूनच अर्धे खरे. तो अळंबीत राहतो, आणि अळंबी त्या रानात वर्षातले थोडे दिवस असते. त्या थोड्या दिवसांतही ती कोवळी असते, उमलते, पिकते, सडते. आणि दर टप्प्याला तिच्यातले रहिवासी बदलतात. या पुस्तकात 'कुठे' या प्रश्नाच्या जोडीने 'केव्हा' आणि 'कशात' हे दोन प्रश्न सतत येतील, ते यामुळेच. माझे म्हणणे थोडक्यात असे : कोणत्या अळंबीत आणि तिच्या कोणत्या अवस्थेत सापडला, हे लिहिल्याशिवाय या भुंगेऱ्याच्या आढळाची नोंद पुरी होत नाही. गावाचे नाव आणि तारीख हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. पुढची सगळी प्रकरणे या एका म्हणण्याच्या आधाराने उभी आहेत.

युरोपातल्या भुंगेऱ्यावर मराठीत पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. अळंबीवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी ज्यांच्याकडे माणसाने सगळ्यांत जास्त काळ पाहिले आहे, त्यांत ही जात वरच्या रांगेत बसते. कार्ल लिनियसने १७५८ साली 'सिस्टेमा नॅच्युरी'च्या दहाव्या आवृत्तीत तिला स्टॅफिलायनस रुफस म्हणून जागा दिली. १७७५ साली योहान ख्रिश्चन फॅब्रिशियसने ऑक्सिपोरस ही प्रजाती वेगळी काढली आणि ती तिथे गेली. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षे हा प्राणी अभ्यासकांच्या नजरेत आहे. पाहायचे कसे आणि नोंदवायचे काय, हे अशा जुन्या ओळखीच्या जातीवरूनच नीट शिकता येते. आपल्याकडच्या अळंब्यांतले भुंगेरे अजून बरेचसे बेदखल आहेत; त्यांच्याकडे वळण्याआधी हा धडा गिरवून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

आधी कुळाची ओळख. ऑक्सिपोरस ज्या कुलात मोडतो ते स्टॅफिलिनिडी; यातल्या कीटकांना रोव्ह बीटल म्हणतात. वर्णन झालेल्या जाती ६०,००० हून अधिक, म्हणजे साऱ्या प्राणिसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी हे एक. मराठी वाचकाची या कुलाशी ओळख आहे, फक्त ती दुखरी आहे. पावसाळ्यात संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती एक नारिंगी-काळा बारीक किडा येतो. मानेवर बसला म्हणून हाताने चिरडला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे लालभडक चट्टा उठतो, फोड येतात, आग होते. तो पीडेरस, याच कुलातला. तो चावत नाही. अंगातले पीडेरिन नावाचे रसायन चिरडल्यावर कातडीला लागते आणि सगळा ताप होतो. त्याला झटकावे, चिरडू नये, हे घरोघरी सांगण्यासारखे आहे. रुफस रंगाने पीडेरसच्या जवळपास जातो, पण पीडेरिन त्याच्या अंगात नसते आणि दिव्यापेक्षा त्याला अळंबीची ओढ असते.

आता रुफसला जरा जवळून पाहू. लांबी साधारण ७ ते १२ मिलिमीटर, म्हणजे अळंबीच्या मानाने चांगला ठळक. डोके काळे कुळकुळीत. त्यामागची छातीची ढाल तांबड्या-नारिंगी रंगाची, चकचकीत. पंखांवरची कवचे काळी, मात्र खांद्यापाशी त्यांच्यावर पिवळसर-नारिंगी डाग. पोट पुन्हा तांबडे आणि त्याचे टोक काळे. रोव्ह बीटलची सर्वसाधारण खूण म्हणजे पंखांची कवचे आखूड असतात आणि पोटाची बरीचशी वलये उघडी राहतात; ही खूण इथे स्पष्ट दिसते. पण नजर खिळते ती जबड्यांवर. लांब, अणकुचीदार, समोर काढलेले आणि कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवरून जाणारे. पहिल्यांदा पाहणारा सहज म्हणेल की हा पट्टीचा शिकारी असणार. तसा समज होणे साहजिक आहे, कारण रोव्ह बीटलमधले बहुसंख्य खरोखरच शिकारी आहेत. माश्यांच्या अळ्या, कोळीकीड, बारीक किडे टिपणारे. हा मात्र ते जबडे अळंबीच्या गरात खुपसतो. आणखी एक गोष्ट भिंगाखाली पाहण्याजोगी आहे. खालच्या ओठाजवळ जी जोडीची बारीक चाचपणारी अंगे असतात, त्यांचे शेवटचे पेर ऑक्सिपोरसमध्ये फुगीर, चंद्रकोरीच्या आकाराचे आणि संवेदी अवयवांनी भरलेले असते. इतर रोव्ह बीटलांत ते बारीक असते. अळंबीची पारख करायला याचा उपयोग होत असावा, असे अभ्यासक मानतात. हे पेर लक्षात ठेवा. याच प्रस्तावनेत पुढे ते फार जुन्या काळची साक्ष देणार आहे.

आखूड कवचांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. कवच आखूड म्हणजे उडता येत नाही असे नव्हे. उडायचे मोठे पातळ पंख त्या कवचांखाली अनेक घड्या घालून ठेवलेले असतात, आणि त्या घड्या बसवायला पोटाच्या हालचालींची मदत होते. जपानी संशोधकांनी रोव्ह बीटलच्या या घड्या वेगवान कॅमेऱ्याने टिपल्या आणि २०१४ मध्ये दाखवून दिले की डाव्या आणि उजव्या पंखाच्या घड्या एकसारख्या नसतात. दोन्ही पंख एकावर एक ठेवून एकदम दुमडले जातात, म्हणून दोघांच्या घड्यांची रेषा वेगळी पडते. अळंबीवर जगणाऱ्याला हे उड्डाण जिवाचे आहे. आजची अळंबी चार दिवसांनी चिखल होणार. नवी कुठे उगवली आहे ते हुडकत जाणे भागच असते. रुफसच्या पसरलेल्या नकाशामागे हे घडीचे पंख आहेत.

घराकडे वळू. आपण जिला अळंबी म्हणतो ते बुरशीचे फळ. बुरशीचा खरा पसारा जमिनीत किंवा लाकडात असतो, धाग्यांच्या जाळ्याच्या रूपात, आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. युरोपातल्या बीच, बर्च, ओक यांच्या रानात अशी जाळी झाडांच्या मुळांशी गुंतलेली असतात. बोलेट, रुसुला, लॅक्टेरियस या अळंब्या त्यातल्याच. काही, उदाहरणार्थ आर्मिलॅरिया आणि फोलिओटा, लाकडावर वाढतात. रुफस या सर्वांत सापडतो. त्याला मऊ, मांसल, टोपी आणि देठ असलेली अळंबी लागते. जातीचा हट्ट फारसा नाही. मे ते ऑक्टोबर हा त्याचा दिसण्याचा काळ, त्यातही भर उन्हाळा ते शरदाची सुरुवात.

ताजी अळंबी उलटी करून पाहिली तर प्रौढ भुंगेरे टोपीखालच्या पापुद्र्यांत दिसतात. चाहूल लागली की आत घुसतात. बोलेटच्या टोपीखाली पापुद्र्यांऐवजी स्पंजासारखा नळ्यांचा थर असतो. तिथे ते गरात भोक पाडून बोगदे करतात. देठ उभा चिरला तर बोगदे स्पष्ट दिसतात. खाण्याची पद्धत तर अजब आहे. लेशेन आणि ॲलन या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या ऑक्सिपोरसच्या तीन जातींवर १९८८ मध्ये निबंध लिहिला, त्यात ती नीट वर्णिली आहे. भुंगेरा अळंबीचा तुकडा तोडून लगेच गिळत नाही. जबड्यांनी तो मळत राहतो, त्यात पाचक रस मिसळतो, आणि पचलेला द्रव तेवढा शोषून घेतो. पचनाची सुरुवात तोंडाबाहेरच होते. अळ्याही तेच करतात. शिकाऱ्यांच्या घराण्यात भक्ष्याचा रस शोषण्याची रीत जुनी आहे. ऑक्सिपोरसने भक्ष्य बदलले आणि रीत कायम ठेवली, असे म्हणायला जागा आहे.

अंडी घालण्याची गोष्ट मला या सगळ्या जीवनक्रमात सर्वांत महत्त्वाची वाटते. मादी अळंबीच्या गरात पोकळी कोरते आणि तिच्यात अंडी घालते. जपानमध्ये सेत्सुदा या अभ्यासकाने ऑक्सिपोरस जॅपोनिकस या भावंड जातीवर काम करून १९९४ मध्ये दाखवले की मादी ही कोठी बांधून निघून जात नाही. ती अंड्यांची राखण करते. हे ऐकायला साधे वाटते, पण किड्यांच्या जगात अंडी घालून पाठ फिरवणे हाच रिवाज आहे. इथे राखण का परवडते, तर जागा इतकी मोलाची आणि इतकी थोड्या दिवसांची आहे की ती हातची गेली तर पिढीच जाते. अंडी फुटल्यावर अळ्यांची वाढ अतिशय झपाट्याने होते. अळंबी सडून बसण्याच्या आत त्यांना खाऊन-पिऊन मोठे व्हायचे असते. मग त्या अळंबी सोडून मातीत उतरतात आणि तिथे कोषात जातात. म्हणजे एकाच प्राण्याचे दोन पत्ते झाले : वाढीचा पत्ता अळंबीत, कोषाचा पत्ता खालच्या मातीत. रान झाडून स्वच्छ करणाऱ्या, पालापाचोळा उचलून नेणाऱ्या व्यवस्थापनाला हा दुसरा पत्ता सहसा ठाऊक नसतो.

अळंबीत तो एकटा नसतो. बुरशीमाश्यांच्या अळ्या तिथे आधीच पोचलेल्या असतात, फळमाश्यांच्या नात्यातल्या काही माश्याही. आणि रोव्ह बीटल कुलातले इतर सदस्यही हजर असतात, प्रत्येकाचा धंदा निराळा. लॉर्डिथॉन या प्रजातीतले चपळ, निमुळत्या डोक्याचे भुंगेरे अळंबी खात नाहीत. अळंबीतल्या माश्यांच्या अळ्या खातात. गायरोफीना या प्रजातीतले अगदी बारीक भुंगेरे पापुद्र्यांवर फिरतात आणि बीजाणू खरवडून खातात. त्यासाठी त्यांच्या मुखांगावर ब्रशासारखी दाट केसाळ रचना असते. अमेरिकी अभ्यासक जेम्स ॲश यांनी १९८४ मध्ये या गटाची मोठी फेरतपासणी प्रसिद्ध केली, तिच्यात या रचनेला मध्यवर्ती स्थान आहे. गर खाणारा ऑक्सिपोरस, बीजाणू खाणारा गायरोफीना आणि त्या दोघांच्या शेजाऱ्यांना खाणारा लॉर्डिथॉन : एका हाताच्या पंज्यावर मावणाऱ्या वस्तूत एकाच कुलाने तीन निरनिराळे चरितार्थ शोधले आहेत. याचा विस्तार तिसऱ्या प्रकरणात केला आहे, म्हणून इथे थांबतो.

रुफसला जातीचा हट्ट नाही, असे वर म्हटले. त्यामागचे कारण समजले तर आढळाचा सगळा प्रश्न उलगडतो. मऊ अळंबी कधी, कुठे, किती उगवेल याचा भरवसा नसतो. एका वर्षी बर्चखाली बोलेटांचे पीक येते, पुढल्या वर्षी तिथे काही नसते. अशा ठिकाणी जो कीटक एकाच अळंबीवर अडून बसेल त्याचा वंश पहिल्याच कोरड्या वर्षी खुंटेल. फिनलंडचे परिस्थितिकी शास्त्रज्ञ इल्का हान्स्की यांनी बुरशीभक्षक कीटकांवर १९८९ मध्ये जे विवेचन केले त्याचा हा गाभा आहे : अल्पजीवी अळंबीत वाढणारे कीटक बहुधा अनेक जातींवर भागवतात, आणि टिकाऊ बुरशीत वाढणारे कीटक ठरावीक जातींना धरून राहतात. टिकाऊ बुरशी म्हणजे झाडाच्या खोडावर कंगोऱ्यासारखी येणारी लाकडी कठीण बुरशी. फोमिस फोमेंटॅरियस ही त्यातली एक, बीच आणि बर्चवर येणारी. बोलिटोफॅगस रेटिक्युलॅटस हा काळा भुंगेरा तिला धरून राहतो आणि त्याच्या पिढ्या एकाच बुरशीत निघतात. त्याला शोधायचे तर बुरशी शोधावी, भुंगेरा तिथे असण्याची शक्यता मोठी. त्याच्या नकाशावरचा ठिपका पुढच्या वर्षीही बहुधा खरा ठरतो. रुफसच्या नकाशावरच्या ठिपक्याला ही हमी नाही. दोन्ही ठिपके छापताना सारखेच दिसतात, आणि इथेच वाचक फसतो.

आढळाचे नकाशे बनतात कसे, हेही वाचकाने जाणून घ्यावे. ब्रिटनचेच उदाहरण घेऊ. तिथे ऑक्सिपोरस प्रजातीची रुफस ही एकच जात आहे आणि रंग असा बोलका की ओळखण्यात गफलत होणे कठीण. इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदी अधिक, उत्तरेकडे त्या विरळ होत जातात. हे चित्र ढोबळमानाने बरोबर असणार. पण प्रत्येक ठिपक्यामागे कोणीतरी माणूस असतो, जो त्या दिवशी तिथे होता आणि ज्याने अळंबी उलटी केली. भुंगेरे जमवणारे लोक पाचोळा चाळतात, सापळे लावतात, दिवा लावून बसतात. या मार्गांनी रुफस क्वचितच हाती लागतो. अळंब्या जमवणारे लोक त्याला वारंवार पाहतात, पण ते टोपलीतून झटकून टाकतात, कारण त्यांच्या वहीत भुंगेऱ्याला रकाना नाही. आणि भुंगेरेवाल्यांच्या लेबलावर अळंबीचे नाव नसते. फार तर 'छत्रीत सापडला' एवढे असते. दोघेही आपापल्या परीने काटेकोर, तरी दोन वह्यांच्या मधे ही जात निसटते. मला या संपूर्ण विषयातली मोठी हळहळ हीच वाटते. नव्या उपकरणांची वाट न पाहताही ही फट बुजवता येण्यासारखी आहे.

वहीची ताकद किती असते याचा दाखला इंग्लंडमध्येच आहे. विल्टशरमधल्या सॅलिसबरी शहराच्या आसपास सुमारे ३० किलोमीटरच्या टापूत एडवर्ड गँज या हौशी अभ्यासकाने १९५० पासून पुढे दशकानुदशके अळंब्यांच्या नोंदी ठेवल्या : कोणती अळंबी, कुठे, कोणत्या तारखेला. त्यांचा मुलगा ॲलन गँज परिस्थितिकी शास्त्रज्ञ झाला. वडिलांच्या नोंदींवर आधारलेला निबंध २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. ३१५ जातींच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की १९५० च्या दशकात शरद ऋतूतला अळंब्यांचा हंगाम सरासरी ३३ दिवसांचा होता, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो सुमारे ७५ दिवसांचा झाला होता. अळंब्या लवकर यायला लागल्या होत्या आणि उशिरापर्यंत राहत होत्या. काही जाती तर शरदाबरोबर वसंतातही फळू लागल्या होत्या. हवामान बदलाचा हा पुरावा कुठल्या उपग्रहातून आला नाही, एका माणसाच्या चिकाटीतून आला. रुफसच्या दृष्टीने याचा अर्थ असा की नकाशावर एक ठिपकाही न हलता त्याचे घर दुपटीहून अधिक मोठे झाले. कारण त्याचे घर दिवसांत मोजायचे असते. त्या वहीत भुंगेऱ्यांचाही रकाना असता, तर भुंगेऱ्याने या वाढलेल्या दिवसांचे काय केले हेही आज हातात असते.

वर ज्या फुगीर पेराची गोष्ट अर्धी सोडली ती आता पुरी करतो. अळंबी मऊ असते, चार दिवसांत विरघळते. तिचे जीवाश्म मिळणे फार दुर्मीळ. मग अळंब्या पृथ्वीवर कधीपासून आहेत, हे कसे कळावे? छेनयांग त्साय आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये जे काम प्रसिद्ध केले ते या प्रश्नाला भुंगेऱ्याच्या बाजूने भिडते. ईशान्य चीनमधल्या यिशियान थरांत, साधारण १२.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, आणि म्यानमारच्या काचिन भागातल्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात त्यांना ऑक्सिपोरसच्या घराण्यातले रोव्ह बीटल मिळाले. मोठे जबडे तसेच, आणि ओठाजवळचे ते फुगीर पेरही तसेच. ज्या अंगांचा उपयोग आज मऊ अळंबीवर जगण्यासाठी होतो ती अंगे इतक्या पूर्वी तयार होती, म्हणजे मऊ मांसल अळंब्याही तेव्हा मुबलक आणि विविध असणार. अंबरात काही अळंब्याही मिळाल्या आहेत, त्यांनी या तर्काला दुजोरा दिला. डायनोसॉर रानात हिंडत होते तेव्हाही त्यांच्या पायाखालच्या अळंबीत कोणीतरी बोगदा पाडत होते. भुंगेऱ्याचे तोंड हा अळंबीचा दाखला ठरतो, हे वाचल्यापासून मला या विषयाने जे धरले ते सोडलेले नाही.

नोंदीत अळंबीचे नाव हवे, या मुद्द्याशी भारताचा संबंध खरोखर येतो, म्हणून त्याबद्दल लिहितो. आपल्या रोव्ह बीटलचा पाया माल्कम कॅमेरॉन यांनी घातला. ब्रिटिश नौदलात डॉक्टर असलेले हे गृहस्थ पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत कीटकांवर काम करत होते. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेत १९३० ते १९३९ या काळात रोव्ह बीटलवरचे त्यांचे खंड निघाले. गायरोफीनाच्या भारतीय जाती त्यात आहेत. आजही कोणाला भारतीय रोव्ह बीटल ओळखायचा असेल तर त्या खंडांना पर्याय नाही, आणि एकट्या माणसाच्या हातून एवढे काम झाले याचा आदर वाटल्याखेरीज राहत नाही. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जातीखाली मिळते ते ठिकाण, उंची, जमवणाऱ्याचे नाव. यजमान अळंबी कोणती, हे फारसे कोठे नाही. तो दोष त्या पिढीचा मानता येत नाही. अळंबीचे नाव सांगणारा माणूस त्यांच्याबरोबर नव्हता. आपल्याबरोबर असू शकतो.

महाराष्ट्र आणि गोव्यात तर पावसाळा म्हणजे अळंब्यांचा हंगाम. कोकणात, सह्याद्रीच्या कुशीत, विदर्भात आणि गोव्यात वारुळांभोवती उगवणारी टर्मिटोमायसिस अळंबी लोक वाट पाहून गोळा करतात. तिची बुरशी वाळवी स्वतः वारुळात जोपासते. पहिल्या पावसानंतर ती केव्हा वर येईल, कोणत्या बांधावर येईल, किती दिवस राहील, हे गावातल्या बायाबापड्यांना तोंडपाठ असते. अळंबीवरच्या कीटकांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला याहून मोठी शिदोरी कोणती? 'केव्हा' आणि 'कशात' या दोन प्रश्नांची उत्तरे देणारी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. अळंबीवाले आणि भुंगेरेवाले यांच्यातली फट बुजवायला तिसऱ्या कोणीतरी वही घेऊन त्यांच्या शेजारी बसायला हवे. हे पुस्तक त्या तिसऱ्या माणसासाठी लिहिले आहे.

त्याला करायचे आहे ते फार नाही. अळंबी दिसली की आधी तिचा फोटो घ्या : वरून, बाजूने आणि टोपीखालून. कोवळी, उमललेली, पिकलेली की सडत आलेली ते लिहा. जमिनीवर, लाकडावर, शेणावर की वारुळावर, आणि भोवती कोणते झाड, हेही लिहा. मग पांढरा कागद धरून टोपीवर हलकी टिचकी मारा. जे पडेल त्याचा फोटो काढा. बीजाणू खाणारे भुंगेरे दोन-तीन मिलिमीटरचे असतात, तेव्हा भिंग जवळ ठेवा. पीडेरसवरून धडा घ्या आणि अनोळखी नारिंगी-काळा भुंगेरा उघड्या बोटांनी चिरडू नका. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात काहीही गोळा करायला वन खात्याची परवानगी लागते; फोटो आणि नोंद यांवर तिथे समाधान माना. रानातली अळंबी जाणत्याने दाखवल्याशिवाय खाऊ नका, भुंगेरा खातो म्हणून तर मुळीच नाही. त्याच्या पोटाला चालते ते आपल्याला चालेलच असे नाही. नोंदी आयनॅचुरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका, आणि अळंबीची नोंद व भुंगेऱ्याची नोंद एकमेकींना जोडा. ही जोडणी करणे सगळ्यांत महत्त्वाचे, आणि नेमकी तीच राहून जाते.

इंग्लंडमध्ये, जर्मनीत, स्वीडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना तर रुफस स्वतःच भेटू शकेल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस पडून गेल्यावर जवळच्या बर्चच्या किंवा बीचच्या रानात जा, ताजा बोलेट शोधा आणि त्याच्या टोपीखाली पाहा. लाल-काळा, मोठ्या जबड्यांचा भुंगेरा दिसला तर तारीख आणि ठिकाण यांच्याआधी अळंबीचे नाव लिहा.